मुलं टिकत नाहीत, असं म्हणण्याआधी

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलंमुली ‘आम्हाला कायम करा’ म्हणत रस्त्यावर उतरली, तेव्हापासून महाराष्ट्रात एक वाद सुरू आहे. तो दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढवला जातोय. एक बाजू म्हणते, सहा महिने विद्यावेतन घेतलं, वर पाच महिन्यांची मुदतवाढ घेतली, आता नोकरीही हवी. या पिढीला सगळं आयतं पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, सरकारने यांना कमी पैशांत राबवून घेतलं, आता सामावून घेणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. जुलै २०२४ मध्ये योजना आली तेव्हा बारावी पास मुलाला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरले. वर्षाला दहा लाख तरुणांचं उद्दिष्ट आणि साडेपाच हजार कोटींची तरतूद जाहीर झाली. या आकड्यांवर बोलून झालं. पण ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसील कचेरीत नेऊन बसवलेल्या त्या मुलाला काम शिकवणं कोणाच्या गळ्यात होतं? अकरा महिने संपल्यावर त्याने कुठे जायचं, हे त्याच्याशी कोण बोललं? हे प्रश्न दोन्हीकडच्या कुणीही फारसे विचारले नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. शिक्षण सुटलेल्या आणि हाताला काम नसलेल्या तरुणासाठी प्रशिक्षण योजना आखली, तर ती फळते की वाया जाते हे अभ्यासक्रमावर, यंत्रांवर किंवा प्रमाणपत्रावर तितकंसं ठरत नाही. नाव नोंदवल्यापासून नोकरीचं पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत त्याला ओळखणारं, त्याचा फोन उचलणारं आणि त्याच्यासाठी भांडणारं कुणीतरी प्रशिक्षण केंद्रात आहे का, यावर ते ठरतं. गावोगाव फिरून मुलं गोळा करणारा मोबिलायझर, समुपदेशक, हातचं काम शिकवणारा निदेशक, नोकरी मिळवून देणारा प्लेसमेंटचा माणूस, अशी ही माणसं असतात. आपल्या योजनांमध्ये सर्वांत कमी पगार, सर्वांत कच्चं कंत्राट आणि सर्वांत कमी मान यांच्याच वाट्याला येतो. आणि मग आपणच म्हणतो, मुलं टिकत नाहीत.

ही मुलं कोण आहेत, हे आधी पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालात शिक्षण, नोकरी, प्रशिक्षण यांपैकी कशातच नसलेल्या तरुणांचा हिशेब दिला आहे. तरुण मुलांमध्ये असा साधारण दहात एक निघतो, मुलींमध्ये जवळपास निम्म्या. यात घरकामात रात्रंदिवस बुडालेल्या मुलीही येतात, म्हणून ‘रिकामटेकडे’ हा शब्द तर सोडूनच द्यावा लागतो. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्यात पाहिलं तर चित्र ओळखीचं आहे. दहावीला गणितात राहिला आणि पुन्हा बसलाच नाही. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला गेले आणि धाकट्या भावंडांसाठी थोरली घरी थांबली. अकरावीचं कॉलेज तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा, आणि संध्याकाळची गाडी बंद झाल्यावर घरच्यांनी मुलीचं नाव काढून घेतलं. यांतल्या प्रत्येकाचा कुठल्या तरी संस्थेवरचा विश्वास एकदा तरी मोडलेला असतो. शाळेने, कचेरीने, कधी एखाद्या भरतीच्या एजंटने तो मोडलेला असतो. अशा मुलाच्या दारात जाऊन ‘तीन महिन्यांचा कोर्स आहे, फुकट आहे, नोकरी लागेल’ असं सांगितलं, तर त्याला ते चौथं आश्वासन वाटतं. त्याच्या जागी कुणालाही तसंच वाटेल.

म्हणून पहिलं काम विश्वासाचं, आणि ते किती बारीक असतं हे बाहेरून कळत नाही. एका तालुक्याच्या गावातल्या केंद्रात समुपदेशक असलेल्या ताईंची वही मी पाहिली आहे. संगणकावर भरायची माहिती निराळी, ही वही त्यांची स्वतःची. प्रत्येक मुलीच्या नावापुढे रकाने आखलेले: घरी कोणाला फोन करायचा, कोणाला अजिबात करायचा नाही. आधारला जोडलेला नंबर वडिलांचा की भावाचा, कारण ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो चिडला तर बँकेचं खातंही उघडत नाही. आधारवर माहेरचं नाव, दहावीच्या दाखल्यावर दुसरंच स्पेलिंग; कंपनीत पीएफच्या वेळी हे अडणार, आत्ताच दुरुस्त करायचं. कुणाला रात्रपाळी चालणार नाही. कुणाची मावशी चाकणला राहते, पहिला महिना तिथे काढता येईल. एका नावापुढे फक्त ‘मंगळवारी येत नाही, विचारू नये’ एवढंच लिहिलं होतं. कारण त्यांना ठाऊक होतं आणि ते वहीत यायची गरज नव्हती. ही वही म्हणजेच खरं प्रशिक्षण केंद्र, असं मी म्हणेन. शिलाई मशीन किंवा वेल्डिंगचा संच निविदा काढून आणता येतो. ही वही एका माणसाने वर्षभर कान उघडे ठेवल्याशिवाय तयार होत नाही, आणि ताईंचं कंत्राट संपलं की ती त्यांच्याबरोबर घरी जाते.

या कामाला आपण पैसे किती देतो? केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी खर्चाचे सामाईक निकष ठरवले. त्यात सर्वांत महागड्या गटातल्या कोर्ससाठी दर विद्यार्थ्यामागे तासाला ३८ रुपये ५० पैसे असा मूळ दर होता. तो पुढे वाढला. दर कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण मला खटकते ती त्याची रचना. मुलं शोधून आणणं, प्रशिक्षकाचा पगार, कच्चा माल, यंत्रांची झीज, नोकरी मिळवून देणं आणि नोकरी लागल्यानंतर पाठपुरावा करणं, हे सगळं त्याच एका तासाच्या दरात कोंबलेलं. केंद्र चालवणाऱ्याने काटकसर करायची ठरवली तर कात्री कुठे लागणार? वीज तोडता येत नाही, प्रशिक्षक नसेल तर तपासणीत पकडलं जातं, कच्चा माल दिसतो. वर्गात बसून दिसत नाही ते फक्त सोबतीचं काम. तेच आधी कापलं जातं. मग एकच माणूस सकाळी मोबिलायझर, दुपारी समुपदेशक आणि महिनाअखेरीला प्लेसमेंट ऑफिसर होतो, आणि संस्थेचा पुढचा हप्ता अडकला की त्याचा पगारही अडकतो. त्याने मुलांना ‘नोकरी धरून ठेवा’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा असा, की नोकऱ्याच नाहीत, आहेत त्या कंत्राटी आणि तुटपुंज्या पगाराच्या; मग समुपदेशनाने काय होणार? गावाकडून रांजणगावला किंवा वाळूजला गेलेल्या मुलाला खोलीभाडं, खाणावळ आणि घरी पाठवायचे पैसे वजा करून हाती काही उरत नसेल, तर त्याने परत येणं हा त्याचा शहाणपणाच आहे. हा मुद्दा मला मान्य आहे. पगार वाढवणं समुपदेशकाच्या हातात नाही, आणि वाईट नोकरीत मुलाला गोड बोलून टिकवून ठेवणं हे तर पापच. पण याच मुद्द्यातून माझी बाजू पक्की होते. कोणती कंपनी जादा पाळीचे पैसे बुडवते, कोणता ठेकेदार पहिला पगार दीड महिना लांबवतो, कुठे मुलींच्या बसची सोय फक्त कागदावर आहे, हे मंत्रालयात कुणाला कळणार? हे कळतं ते नोकरी सोडून आलेल्या मुलाचा फोन घेणाऱ्याला. त्याचं यश ‘किती जणांना जॉइनिंग लेटर दिलं’ यावर मोजलं तर तो ठेकेदाराची गाडी भरून देतो. ‘वर्षाने किती जण कमावत होते’ यावर मोजलं तर तोच माणूस पुढच्या वेळी त्या ठेकेदाराला दारात उभं करणार नाही. मालक निवडण्याची ताकद एकट्या मुलात नसते, तीस मुलांच्या बॅचमागे उभ्या असलेल्या माणसात थोडी का होईना असते. आज आपण त्या ताकदीचा उपयोग मालकासाठी करून घेतो.

शिवाय मुलं परत येतात त्यातली सगळी पगारामुळे येत नाहीत. पहिल्या पगाराआधीच्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत खिसा रिकामा होतो म्हणून येतात. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला म्हणून येतात. घरी लग्न निघालं, रजा कशी मागायची ते माहीत नव्हतं, चार दिवस न सांगता गेले आणि परत जायची लाज वाटली म्हणून येतात. यातलं जवळजवळ प्रत्येक कारण वेळेवर केलेल्या एका फोनने किंवा हजार-दोन हजारांच्या उसनवारीने सुटण्यासारखं असतं.

दुसरा आक्षेप असतो लाड करण्याचा. कारखान्यात कोण बोट धरणार आहे, मग केंद्रात का धरायचं? असं विचारणाऱ्यांनी आपापली घरं आठवावीत. मध्यमवर्गीय मुलगा पुण्याला पहिल्या नोकरीसाठी येतो तेव्हा वडील सोबत येतात, खोलीचं डिपॉझिट भरतात, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे खात्यात टाकतात. कोथरूडला काका असतात, रविवारी तिथे जेवण असतं. बॉस त्रास देतो म्हटल्यावर नोकरी सोडायची की नाही, यावर रात्री तासभर घरी फोन चालतो. याला कुणी लाड म्हणत नाही, संस्कार म्हणतात. ज्या मुलाच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी आजवर कुणीच केलेली नाही, त्याला यातलं काहीच मिळत नाही, आणि तेवढंच एखाद्या केंद्राने देऊ केलं की ती मात्र परावलंबनाची सवय कशी ठरते?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी दिलेलं आहे. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. त्यांच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच ओळखलं होतं आणि जातवार वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला होता. शाळा तेव्हाही होत्या. खेड्यातल्या गरीब मुलाला गाळणारी चाळण शाळेच्या दारात नव्हती, ती संध्याकाळच्या भाकरीत आणि रात्रीच्या पथारीत होती. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याचा अर्थ धोरण म्हणून कधी घेत नाही. ती मुलं लाडावली का? तिथे मुलं स्वतः कष्ट करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे तिथल्या रोजच्या जगण्याचंच नाव होतं. माया आणि शिस्त एकाच माणसाकडून मिळाली की शिस्त अंगी लागते. अनोळखी माणसाकडून नुसतीच शिस्त मिळाली की मुलगा पळून जातो. शाळा सुटलेल्या मुलांसाठी डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला, तोही याच वाटेने. तिथे मुलं गावाला लागणारी खरी कामं करत शिकतात आणि शिकवणारा बाजूला उभा राहून स्वतःचेही हात काळे करतो. चुकलेलं वेल्डिंग पुन्हा करायला लावणारा माणूस आणि ‘तुला येईल’ म्हणणारा माणूस तिथे वेगळे नसतात.

जाणकारांचा आक्षेप आणखी टोकदार असतो. ते अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे १९६४ पासून ‘जॉब कोअर’ आहे: निवासी, महागडी, सर्व सोयी असलेली योजना. नव्वदच्या दशकात चिठ्ठ्या टाकून निवडलेले आणि न निवडलेले तरुण यांची तुलना करून तिचा मोठा अभ्यास झाला, आणि सुरुवातीला दिसलेली कमाईतली वाढ काही वर्षांत बरीचशी विरून गेली असं निघालं. विशीच्या पुढच्या तरुणांमध्ये ती त्यातल्या त्यात टिकली. मग एवढं करून काय मिळालं? प्रश्न रास्त आहे. पण त्याच देशात, तशाच कडक पद्धतीने तपासलेल्या दोन योजनांचे निकाल निराळे आले. सॅन अँटोनिओमधली १९९२ ची ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ आणि बोस्टनमध्ये २००० साली सुरू झालेली ‘इयर अप’. दोन्हींत कमाईतला फरक कित्येक वर्षं टिकून राहिला. क्वेस्टमध्ये प्रत्येकामागे एक समुपदेशक शिक्षण संपेपर्यंत असतो. आठवड्याच्या बैठका, प्रवास आणि फीची मदत, घरची अडचण हे सगळं तोच पाहतो. इयर अपमध्ये सहा महिने शिकवणं आणि सहा महिने कंपनीत काम, आणि दोन्ही काळांत कर्मचाऱ्यांपैकी एक जण त्या मुलाचा म्हणून नेमलेला. उशीर झाला तर विद्यावेतन कापतात, हेही तिथेच. आता हेही सांगायला हवं की या दोन्ही योजना मुलं पारखून घेतात, आणि अगदी तळातला, शाळाच पूर्ण न केलेला मुलगा तिथे पोहोचत नाही. म्हणजे सोबत असली की सगळं जमतं असा दावा मला करता येणार नाही. पण सोयी, इमारत आणि खर्च असूनही परिणाम विरतो, आणि चांगला मालक व ओळखीचा माणूस एकत्र आले की टिकतो, एवढं म्हणायला हा पुरावा पुरेसा आहे.

राहिला संख्येचा प्रश्न. लाखो मुलांमागे इतकी माणसं कुठून आणायची? मला हा प्रश्न ऐकला की गडचिरोली आठवते. नवजात बाळं वाचवायची तर रुग्णालयं आणि बालरोगतज्ज्ञ हवेत, खेड्यातल्या बाईच्या हातून ते होणार नाही, असं तेव्हा धरून चाललं जात होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जात, बाळाचं वजन करत, श्वास मोजत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे हीच घरभेटींची पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली गेली. म्हणजे माणसाने माणसाकडे जाण्याचं काम या देशाने लाखांच्या संख्येत करून दाखवलं आहे. ते शक्य झालं कारण भेट कधी द्यायची, काय पाहायचं, कधी वरच्याला कळवायचं हे ठरवून दिलं होतं. नोकरीला लागलेल्या मुलासाठी असं वेळापत्रक लिहायला कितीसा वेळ लागेल? पहिल्या दिवशी कोणी पोहोचवायचं, पहिल्या आठवड्यात कधी फोन, पहिला पगार हातात पडला का, तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष भेट, पहिल्या सणानंतर परत गेला का. आशाताईंची गोष्ट मात्र अर्धीच घेऊन चालणार नाही. त्यांना कर्मचारी न मानता मानधनावर ठेवलं, आणि वर्षानुवर्षं त्यांना हक्काच्या पैशासाठी रस्त्यावर बसावं लागलं. कौशल्य केंद्रातल्या माणसांच्या बाबतीत तीच चूक आत्ता होते आहे.

शेवटचा आक्षेप भ्रष्टाचाराचा, आणि त्याला मी फार वेळ देणार नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. बहुसंख्य लाभार्थ्यांच्या नोंदीत बँक खात्याचा रकाना रिकामा किंवा निरर्थक आकड्यांनी भरलेला होता. अशी केंद्रं चालवणाऱ्यांच्या हाती आणखी पैसा द्यायचा का? नाही, द्यायचा नाही. पण खोटा विद्यार्थी कागदावर उभा करता येतो तो प्रमाणपत्रापुरता. वर्षभर महिन्याला फोनवर बोलणारा, पगाराची पावती पाठवणारा, पत्ता बदलला की कळवणारा खोटा विद्यार्थी उभा करणं कितीतरी अवघड आहे. आणि योजनेच्या चौथ्या टप्प्यात नोकरीचा हिशेबच मागे टाकला गेला, याने फसवणूक सोपीच होते.

गंमत नाही, खेद याचा आहे की यातलं बरंच कागदावर आधीच लिहिलेलं आहे. २०१४ ची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना पाहा. किमान ७० टक्के मुलांना नोकरी, नोकरीनंतर वर्षभर मागोवा, शहरात गेलेल्यांसाठी स्थलांतर सहाय्य केंद्रं, सगळं त्यात आहे. आपल्याकडे राज्याचं ग्रामीण उपजीविकेचं ‘उमेद’ अभियान ती राबवतं, आणि गावोगावच्या बचत गटांमुळे मुलीच्या घरापर्यंत पोहोचायची वाटही त्यांच्याकडे आहे. उमेदचे कर्मचारी स्वतः कायम होण्यासाठी आंदोलनं करत आले आहेत, ही गोष्ट आपण वेगळ्या बातमीत वाचतो आणि ‘मुलं टिकत नाहीत’ ही वेगळ्या. दोन्ही बातम्या एकच आहेत.

तेव्हा मागणी करायची तर अशी करू. पाठपुराव्याचा खर्च तासाच्या दरातून बाहेर काढा आणि माणसाच्या पगारासाठी खर्चाचं स्वतंत्र शीर्ष करा, ज्यातला पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही. एका माणसाकडे चाळीस-पन्नासपेक्षा जास्त मुलं देऊ नका. त्याचं कंत्राट बॅच संपण्याच्या तारखेला तोडू नका; त्या बॅचचं नोकरीतलं पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत ते चालू ठेवा. पहिल्या पगारापर्यंतच्या खर्चासाठी केंद्राकडे छोटा निधी ठेवा आणि तो देण्याचा अधिकार समुपदेशकाला द्या, वरच्या सहीची वाट पाहायला लावू नका. आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर फिरणाऱ्या निदेशकांच्या जागा भरा, कारण मुलगा पुन्हा वर्कशॉपमध्ये डोकावतो तेव्हा तिथे ओळखीचा चेहरा असावा लागतो. आणि मुख्यमंत्री योजनेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींची यादी प्रत्येक तालुक्यात आहेच. त्यांना कायम करायचं की नाही, हा वाद चालू राहो. दरम्यान त्या यादीतल्या प्रत्येकाला एकदा बोलवून अकरा महिन्यांत काय शिकलास, आता काय करतोस, काय अडतंय हे विचारायला सरकारला कोणत्या न्यायालयाची परवानगी लागते? त्यासाठी तालुक्याला दोन-तीन माणसं पुरतील. ती नेमा, त्यांना वेळेवर पगार द्या, आणि वर्षाने त्यांच्या वह्या मागवून वाचा.